उंबरठ्यावर बसायचं नाही

डोकं दुखत होतं म्हणून मी गोळी मागायला गेलो आणि त्या माणसाने माझ्या पोटाला टेप लावला.

तसं नागपूरच्या सदर भागात मागच्या गल्लीतलं ते मेडिकल मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आईची औषधं तिथूनच यायची. पण काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे आपण कधी नीट बघत नाही, आपली नजर त्याच्या मागच्या फळ्यांवर असते. त्या दिवशी मात्र तो माणूस काउंटरची फळी उचलून बाहेर आला, शिंप्यासारखा गळ्यात लटकवलेला टेप काढला, मला म्हणाला, "शर्ट वर धर," आणि मागे दोन बाया औषधासाठी उभ्या असताना माझ्या पोटाचा घेर खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

"काका, डोकं दुखून राहिलं माहं," मी म्हणालो. "पोट नाही."

"डोक्याचंबी माप घेतलं असतं गा. पण ते वाढत नाही, हेच तर त्याचं दुखणं हाये."

बाया हसल्या. मी शर्ट खाली सोडला. गोळी मिळेल असं वाटलं, पण ती लगेच मिळाली नाही. काका म्हणाले, "चौकात जाऊन ये. पानठेल्यावर कोण बसून हाये ते पाहून ये. तवर गोळी काढून ठेवतो." गोळी त्यांच्या कोपरापाशी होती. तरी मी गेलो, कारण मी सरकारी ऑफिसात नोकरी करतो आणि कोणी ठाम आवाजात सांगितलं की उठून चालू लागायची मला सवय आहे. परत येऊन सांगितलं, "दोन पोलीस अन् एक वकील." काकांनी मान डोलावली आणि गोळी दिली. डोकं तोवर थोडं उतरलं होतं, पण त्याचं श्रेय मी त्यांना आजही देणार नाही.

आता ते दुकान नाही. काका मुलीकडे इंदूरला राहायला गेले आणि त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. त्यांचं नाव सांगून उपयोग नाही, कारण ते कोणी घेतच नव्हतं. पाटीवरचं नाव उन्हाने उडालं होतं आणि अख्खी गल्ली त्यांना मेडिकलवाले काका म्हणायची. अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, गळ्यात टेप. हा टेप इतका सराईतपणे लटकलेला असे की गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईने त्यांच्यासमोर ब्लाऊजपीस ठेवून "शनिवारपर्यंत देजा" म्हटलं होतं. काका म्हणाले, "शिवून नाही मिळणार बाई, पण माप इथं फुकट हाये."

बायकांची मापं ते स्वतः घेत नसत. टेप हातात द्यायचे, भिंतीकडे तोंड करून खोकल्याच्या बाटल्या नीट लावत उभे राहायचे आणि म्हणायचे, "आकडा सांगा. खरा सांगा." बाया आकडा सांगायच्या. काका बाटल्यांकडे बघतच म्हणायचे, "अन् श्वास सोडल्यावर?" मग खरा आकडा यायचा.

ही सगळी उठाठेव कशासाठी, तर शुगरसाठी. आमच्याकडे मधुमेह कोणाला होत नाही, शुगर होते. आणि काकांच्या डोक्यात एकच खूळ होतं: शुगर झालेल्याला औषध देणं हा त्यांचा धंदा होता, पण ज्याला अजून झाली नाही त्याला अडवणं हा शौक होता. धंदा आणि शौक एकमेकांच्या मुळावर आलेला असा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. काकू हयात असताना म्हणायच्या, "माह्या नवऱ्याले गिऱ्हाईक तुटलं की आनंद होते. असं कोणाच्या घरी पाह्यलं का वं?"

त्यांची पद्धत साधी होती. माणूस मेडिकलमध्ये काही ना काही घ्यायला येतोच. डॉक्टरकडे जायला तो कुरकुरतो, पण मेडिकलमध्ये उभ्या उभ्या येऊन जातो. काका त्या उभ्या उभ्या येण्यावर टपलेले असत. कोणी तिसऱ्यांदा खाजेचं मलम मागितलं की मलम हातात धरून ठेवायचे. "द्यायले देतो. पण हे परत परत काहून लागून राहिलं, हे विचारलं का कोणाले? घरात आईबापाले शुगर होती का? रात्री उठा लागते का?" आणि मग समोरच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्याकडे बोट. डॉक्टरबाई आधी वैतागल्या होत्या, मग सरावल्या. पेशंट काही न बोलता नुसता खुर्चीत अवघडून बसला की त्याच विचारायच्या, "मेडिकलवाल्या काकांनी पाठवलं का?" कोणी काकांचं कौतुक करायला गेलं की काका हात झटकायचे. "मी डॉक्टर नाही गा. मी फक्त ढकलणारा हाये."

पानठेल्यावर कोण बसलंय हे पाहायला ते सगळ्यांना पाठवत नसत. ताप असलेल्याला, म्हाताऱ्या माणसाला, कडेवर लेकरू असलेल्या बाईला त्यांनी कधी क्षणभर ताटकळत ठेवलं नाही. पाठवणी व्हायची ती आमच्यासारख्यांची: बसून काम करणारे, पोट पुढे, गाडीची किल्ली बोटात फिरवत आलेले. काही चलाख लोक कोपऱ्यावर वळून उभे राहायचे आणि परत येऊन कोणाचंही नाव सांगायचे. त्यांच्यासाठी काकांनी मंगळवार राखून ठेवला होता. मंगळवारी पानठेला बंद असायचा. "गुप्ताजी बसले होते," असं सांगणाऱ्याला काका गोड हसून म्हणायचे, "बंद ठेल्यावर बसले होते? मंग त्यायले भेटूनच ये एकदा." या भानगडीत दुकान न सोडता त्यांना सगळ्या सदरची बातमी असे, हा वरचा नफा.

इतर मेडिकलवाले काउंटरवर चॉकलेटं, बिस्किटं आणि शुगर फ्री लाडवांचे डबे मांडतात. काकांकडे यातलं काही नव्हतं. लाडवांवर तर त्यांचा विशेष राग. "शुगर फ्री लाडू म्हणून एकाच्या जागी चार खाते, अन् वरून मलेच सांगते की परहेज चालू हाये." चहा मात्र ते बिनसाखरेचा प्यायचे आणि दर घोटाला तोंड कडवट करायचे. एकदा मी विचारलं, "सवय नाही झाली का अजून?" म्हणाले, "नाही झाली. कडूच लागते. मी कुठं म्हटलं चांगला लागते म्हणून?" त्यांचं हे मला फार आवडायचं. पथ्य करणारे बहुतेक लोक कारल्याच्या रसाचं इतकं गुणगान करतात की आपल्याला त्यांच्या शेजारी बसवत नाही.

तर टेपच्या प्रकरणानंतर मला डॉक्टरबाईंकडे ढकलण्यात आलं, रक्त दिलं आणि रिपोर्ट आणायला गेलो तेव्हा लॅबमधला माणूस म्हणाला, "काही नाही साहेब, बॉर्डरवर आहे." मी तरंगतच बाहेर पडलो. आईची शुगर मी जवळून पाहिली होती. आपण सुटलो, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. डॉक्टरबाईंना रिपोर्ट दाखवायचा होता, ते उद्यावर टाकलं आणि संत्रा बर्फीचा डबा घेऊन थेट काकांसमोर उभा राहिलो.

"कायचा डबा हाये?"

"बर्फी. रिपोर्ट आला, काका. शुगर नाही निघाली, फक्त बॉर्डरवर हाये. घ्या, तोंड गोड करा."

काकांनी डबा घेतला. फ्रिज उघडला, इन्सुलिनची खोकी थोडी सरकवली आणि त्यांच्या शेजारी डबा ठेवून दिला.

"राहू दे तिथं," ते म्हणाले. "दोघांची ओळख होऊ दे. आज ना उद्या भेट होणारच हाये त्यायची."

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं. ते चिडले होते, पण माझ्यावर नाही, शब्दावर. "या बॉर्डर शब्दानं अख्खं नागपूर बसवून ठेवलं हाये. ज्याले बॉर्डर निघाली तो मिठाई घेऊन येते. तू काही पहिला नाहीस. बॉर्डर म्हणू नको. उंबरठा म्हण. उंबरठ्यावर हायेस तू. अन् लहानपणी उंबरठ्यावर बसला की आई काय म्हणत होती?"

"उंबरठ्यावर बसू नये म्हणत होती."

"काहून?"

"काहून ते नाही सांगितलं. पाठीत धपाटा घालत होती."

"मंग मीबी नाही सांगत. उठ. हे घर शुगरचं हाये. आत गेला की ती जन्मभर पाहुणचार करते, निघू देत नाही. अजून दोन्हीकडं जाता येते तवर मागं फीर. पण बसायचं नाही."

बर्फीचा डबा त्यांनी परत दिला नाही. फ्रिज उघडला की मला तो इन्सुलिनशेजारी दिसायचा. मी चालायला लागलो, रात्रीचा भात कमी केला, डॉक्टरबाईंना रिपोर्ट दाखवला. बायकोला वाटलं माझ्या आयुष्यात कोणी आली आहे. माझं काही फार कौतुकाचं नाही, मी भित्रा माणूस आहे आणि भित्र्या माणसाला सुधारणं सोपं असतं. खरी गोष्ट ताईची आहे.

ताई माझी मोठी बहीण. काटोलला दिलेली, संत्र्याच्या बागेचं घर. आमचं इथलं घर वरच्या मजल्यावर, आणि शेवटी आईला जिना चढवेना तेव्हा ताई तिला काटोलला घेऊन गेली. आईच्या पायाची जखम भरत नव्हती, नजर गेली होती. ताई रोज सकाळी तिचा पाय धुवायची, पट्टी बदलायची, भरवायची. मी रविवारी फळं घेऊन जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. साठी गाठायच्या आत आई गेली. ताई तेव्हा रडली नाही, आणि नंतर आईविषयी बोललीही नाही. फक्त स्वतःचं वय आईच्या वयाकडे सरकू लागलं तशी ती आवराआवर करू लागली. नातवाच्या लग्नात नेसायची म्हणून घेतलेली पैठणी तिने सुनेला देऊन टाकली. नातू तेव्हा चौथीत होता. मी विचारलं तर म्हणाली, "मी कुठं असणार हाये गा तवर?" उद्या बाजाराला जायचं आहे इतक्या सहज म्हणाली. मला त्या सहजपणाची भीती वाटायची.

त्या वर्षी भाऊबीजेला ती एसटीने आली, सोबत संत्र्यांची पिशवी. भाऊजींच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला माझ्याबरोबर काकांच्या दुकानात आली. काकांनी तिला ओळखलं.

"ताई, तुमच्या आईले शुगर होती. तुमी कधी तपासली?"

"तपासून काय करू? आईले झाली, मले होणार. खानदानी हाये आमच्याकडे," ताई म्हणाली. बाग खानदानी आहे हे सांगताना तिचा जो आवाज लागतो, तोच.

"खानदानातून रस्ता येते, ताई. चालायचे पाय आपले असते."

बरीच खेचाखेच होऊन ती डॉक्टरबाईंकडे गेली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला आणि त्यात तेच: बॉर्डर. डॉक्टरबाईंनी तिला समजावून सांगितलं, की अजून झालेली नाही, थांबवता येईल. ताई मान हलवत राहिली, दुकानात आली आणि काकांसमोर कागद ठेवून म्हणाली, "पाहा. म्हटलं नव्हतं? बॉर्डरवर आली. आता घरात याले किती वेळ लागते?"

म्हणजे बघा, शब्द एकच. मी तो ऐकला आणि मला वाटलं, हुकली. तिने ऐकला आणि तिला वाटलं, पोचली. मी मिठाई आणली आणि ती पैठणी वाटून बसली. दोघंही बसलेलेच.

काकांनी तिला उंबरठ्याचं सांगितलं, चालण्याचं सांगितलं. ताई हसून म्हणाली, "आईलेबी सगळे सांगत होते. काय झालं?" तिथे काकांचा तोल गेला. ते म्हणाले, "तुमची आई अशीच हसून बसून राहिली, म्हणून गेली."

ताई उठली. "माह्या आईचं नाव घ्यायचं नाही," ती म्हणाली. "तिचे पाय मी धुतले हाये. तुमी नाही." आणि ती निघून गेली. संत्र्यांची पिशवी काउंटरवर तशीच राहिली.

ती संत्री काकांनी खाल्ली नाहीत आणि कोणाला दिलीही नाहीत. मी पिशवी उचलायला गेलो तर म्हणाले, "राहू दे." सडून त्यांचा वास यायला लागला तेव्हा कुठे काढली. त्या दिवसांत त्यांनी कोणाचं पोट मोजलं नाही, कोणाला चौकात पाठवलं नाही, मागितलं ते औषध दिलं. लोक उलट घाबरले. एका चलाख माणसाने तर मला विचारलं, "काकांची तब्येत बरी आहे ना? आज मले सरळ गोळी देली." मी दुकानावरून गेलो की काका एवढंच विचारायचे, "ताई कवा येऊन राहिली?" ताई येत नव्हती. फोनवर काकांचं नाव काढलं की भाऊजींच्या हातात फोन द्यायची.

थंडी पडली आणि एके दिवशी काका म्हणाले, "रविवारी काटोलले जाऊ."

"दुकान बंद ठेवून?" मी विचारलं. त्या माणसाने काकूंच्या तेराव्याला संध्याकाळी दुकान उघडलं होतं. पण रविवारी ते सकाळी एसटीत खिडकीशी बसलेले, इस्त्रीचा शर्ट, आणि पहिल्यांदाच गळ्यात टेप नाही. गाडी सुटते न सुटते तोच माझा फोन वाजू लागला. दुकानाचं शटर खाली पाहून गल्लीतल्या लोकांनी जो काढायचा तो अर्थ काढला होता. दोघांनी तर मयत किती वाजता निघणार तेच विचारलं. मी फोन काकांना दिला. काका म्हणाले, "मयत काटोलले जाऊन राहिली. संध्याकाळी वापस येते."

ताईने दार उघडलं, काकांना पाहिलं आणि फक्त "या" म्हणाली. पाणी दिलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने पुरण शिजल्याचा वास आला. मी ओळखलं. आमच्या ताईला भांडता येत नाही, तिला वाढता येतं. पानावर पुरणपोळी आली, त्यावर वाटीतून तूप. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

काका जेवू लागले. ताई समोर तुपाची वाटी घेऊन उभी. एक पोळी संपली, तिने दुसरी वाढली. मग काका हात थांबवून म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या आईचं बोललो, ते चुकलं माहं. तेवढंच सांगाले आलो होतो."

ताईने आणखी तूप ओतलं. वाटी खाली ठेवली आणि तिथेच पाटावर बसली. मग म्हणाली, "काका, मले भेव वाटते. तुमाले वाटते मले समजत नाही. समजते. रोज पट्टी सोडत होते मी. आज किती काळं पडलं हे आधी मले दिसत होतं, मंग डॉक्टरले. आईले तर दिसतच नव्हतं. होणारच हाये असं धरलं की रोज रोज भ्यायचं काम नाही. म्हणून धरलं हाये."

इतक्या वर्षांत हे ती मला बोलली नव्हती. मी कधी विचारलंही नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते भाऊजींसमोर लपवलं नाही. काकांनी मात्र काही उपदेश केला नाही. ताटातली पोळी संपवली, हात धुतले, भाऊजींशी बागेतल्या डिंक्या रोगाविषयी बोलले. निघायच्या वेळी चपला घालता घालता ताईला म्हणाले, "स्टँडवर पोचवाले येता न?"

भाऊजी म्हणाले, "मी सोडून देतो न गाडीवर. बसा मांग."

"गाडीवर नेते त्याले सोडणं म्हणते, जावईबापू," काका म्हणाले. "पोचवणं पायी असते. का काटोलात ती पद्धत बंद झाली?"

काटोलच्या पद्धतीवर कोणी बोट ठेवलेलं ताईला खपत नाही. तिने पदर खोचला आणि चपला घातल्या.

घरापासून स्टँड चांगलाच लांब. ताई पुढे, आम्ही मागे. ती लग्न होऊन आली तेव्हा रोज बागेत पायी जायची, डोक्यावर भाकरीचं टोपलं असायचं. मग घरात गाडी आली, मग दुसरी गाडी आली, आणि तिचं चालणं ओसरीपासून देवघरापर्यंत उरलं. पण त्या दिवशी तिचे पाय जे सुटले, ते आम्हाला आवरेनात. काका धापा टाकत होते. दिवसभर काउंटरमागे उभा राहणारा माणूस, पोटात दोन पुरणपोळ्या. वाटेतल्या एका पुलियाच्या कठड्यावर ते बसलेच. ताई खूप पुढे गेली होती, ती मागे वळली, कमरेवर हात ठेवून आमच्यापुढे येऊन उभी राहिली.

"उठा न काका. गाडी जाईन. लोकायचं पोट मोजता, अन् स्वतःचं?"

"टेप घरी राहिला," काका म्हणाले.

ताई हसली. भांडणानंतर प्रथमच, आणि मोठ्याने. गाडी अर्थातच गेली. पुढच्या गाडीपर्यंत ती आमच्या दोघांच्या मध्ये बाकावर बसून होती आणि अचानक आईविषयी बोलू लागली. आई गुळाचा खडा लोणच्याच्या बरणीमागे कशी लपवायची, आणि सापडला की "मुंग्यायनं आणला असन" असं कसं म्हणायची. आम्ही तिघंही हसत होतो. आई गेल्यापासून आमच्या घरात आई म्हणजे फक्त तो पाय झाली होती. त्या बाकावर मला माझी सगळी आई परत मिळाली.

परतीच्या गाडीत मी काकांना विचारलं, "पुलियावर खरंच थकले होते, का नाटक होतं?" ते डोळे मिटून म्हणाले, "पुरणपोळी जड होती." याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ताई बागेत पायी जाऊ लागली. आधी एकटी, मग शेजारच्या दोघी बरोबर. काकांना पुरावा लागे. ते दुकानातून फोन लावायचे, "आज वावरात काय दिसलं?" आणि ताई सांगायची, रोही म्हणजे नीलगायी दिसल्या, कोणाची विहिरीवरची मोटार जळली, कोणत्या झाडाला फूट आली. घरात पुन्हा ज्वारीची भाकर सुरू झाली. ग्लासभर संत्र्याचा रस बंद झाला तेव्हा ती भडकली, "घरचं संत्रं हाये, त्यानं काय होते?" काका म्हणाले, "शुगरले सातबारा नाही दाखवता येत, ताई. सोलून खा, गाळून पिऊ नका." सून तक्रार करू लागली की सासूबाई आता घरात सापडतच नाहीत. मी आतून घाबरलेलाच होतो. एवढं करूनही रिपोर्ट वाईट आला, तर ही पुन्हा कधी उठायची नाही, हे मला कळत होतं. मला वाटतं काकांनाही कळत होतं, कारण तपासणीचा दिवस जवळ येऊ लागला तसे ते दुकानात विनाकारण बाटल्या पुसत बसायचे.

पुढच्या दिवाळीनंतर ताई आली. डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी पण केली, कागद हातात देऊन सगळं समजावून सांगितलं. ताईचा विश्वास बसला नाही. ती रस्ता ओलांडून काकांच्या दुकानात आली आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. काकांनी चष्मा लावला, वाचला, चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावून परत वाचला.

"उतरल्या तुमी," काका म्हणाले. "उंबरठ्यावर नाही आता."

"म्हणजे मले होणार नाही?"

"आज नाही. चालत राहाल, खाणं सांभाळाल, दरवर्षी तपासाल, तर होईन असं वाटत नाही. लिहून मी नाही देत."

ताई स्टुलावर बसली. मला वाटलं ती हसेल. पण तिचे डोळे भरून आले आणि पदर तोंडाला लावून ती रडू लागली, आई गेली तेव्हा रडायला हवी होती तशी. गिऱ्हाइकं दाराशी थांबली. काकांनी त्यांना हाताने थांबवून ठेवलं आणि मागितलेली औषधंही दिली नाहीत. बऱ्याच वेळाने ताईने डोळे पुसले. आईच्या वयापुढचं तिने काही योजलंच नव्हतं. ती काकांकडे बघून, अगदी गोंधळून म्हणाली,

"म्हणजे काका, मले आता म्हातारी व्हा लागन?"

"व्हा लागन," काका म्हणाले. "त्याच्यावर माह्या दुकानात दवा नाही."